वच्छलाअक्काचं हलकं ॲप

यंदा आमच्या भावकीत कानबाई बसली, आणि गाणाऱ्या बाईला बोलावणंच गेलं नाही. कोणी भांडलं नव्हतं, कोणी कोणाला वाकडं बोललं नव्हतं. तिची गरज उरली नव्हती, एवढंच. तिची जागा मोबाइलमधल्या एका ॲपनं घेतली, आणि ते ॲप तिनं स्वतः चारदा ऐकून, नाकं मुरडून, पारखून पसंत केलेलं होतं. गरज सरो नि वैद्य मरो ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण इथे वैद्यानेच आपल्या हाताने औषध घोटून बाटलीत भरून दिलं होतं, आणि बाटली घेऊन गेलेल्यांनी वैद्याकडे वळूनही पाहिलं नाही.

मी ज्योती. माझं माहेर जळगावचं, आणि लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी इथल्या बायका मला 'जळगाववाली'च म्हणतात. आमचं गाव पांझरेच्या काठाला, धुळ्याहून एसटीने तासाभराच्या आत. इथल्या बायका अहिराणीत 'शे' म्हणतात, मी 'आहे' म्हणते, म्हणून मी जरा फाजील शिकलेली आहे असा सगळ्यांचा समज आहे. मी ब्लाउज शिवते. माझ्या मशीनसमोरच्या खिडकीतून वच्छलाअक्काचं दार दिसतं, त्यामुळे तिच्याबद्दल मी जे सांगते ते ऐकीव नाही.

अक्का नात्याने माझी चुलतसासू. साठी कधीच ओलांडलेली, काटक, रंगाने सावळी, आणि जिभेने माझ्याहून तिखट. भाजीवाल्याने वांगी टाकताना तराजूला बोट लावलं तर ती तिथल्या तिथे त्याचं बोट धरायची. मुलगा सुरतला, सून सुरतला, नातवंडं सुरतला. "त्या सुरतना लोके शेतस, मी आठली शे," असं ती सरळ सांगून टाकायची. तिकडे राहायला गेली की आठव्या दिवशी परत यायची, कारण तिथे तिला कोणी ओळखत नव्हतं आणि इथे तिला कानबाईच्या गाण्यांमुळे आसपासची चार गावं ओळखत होती.

ज्यांना कानबाई माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घराघरांतून, भावकी-भावकीतून ही देवी बसते. नारळाला डोळे-नथ लावून, लुगडं नेसवून तिला चौरंगावर बसवतात. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी होते. रात्री जागरण होतं, आणि सोमवारी सकाळी बायका तिला डोक्यावर घेऊन फुगड्या घालत नदीवर पोचवायला जातात. या सगळ्याला गाणी लागतात, आणि ती कोणतीही कधीही म्हणायची नसतात. गहू दळतानाचं वेगळं, नारळ धुतानाचं वेगळं, देवी आणतानाचं, बसवतानाचं, झोका देतानाचं. सगळ्यात शेवटी निरोपाचं. आमच्या भावकीत ही गाणी शेंड्यापासून बुडख्यापर्यंत येणारी बाई एकच होती. बाकीच्या सगळ्या जणी, मी धरून, शेवटच्या ओळीचा झेल घेणाऱ्या.

आणि ती विधवा होती. हे मुद्दाम सांगते, कारण सगळं त्याच्यातच आहे.

तिचा नवरा हिलाल विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला तेव्हा मुलगा कडेवर होता. पुढच्या श्रावणात कानबाई बसली. अक्का दरवर्षीसारखी चौरंगाला हात लावायला गेली, तर तिच्या थोरल्या जावेने तिचं मनगट धरून तिला मागे ओढलं. ओटी भरायची नाही. नारळाला हात लावायचा नाही. चौरंग डोक्यावर घ्यायचा तर प्रश्नच नाही. देवीसुद्धा बाईच, पण तिच्याजवळ जायला नवरा जिवंत लागतो, असा आमचा कायदा आहे. हा कायदा कोणी केला ते मला सापडलं तर मी त्याला माझ्या मशीनखाली धरीन. तेव्हा अक्काची सासू तानुबाई जिवंत होती, आणि गाण्याचा मान तिचा होता. म्हातारीने सगळ्यांसमोर सुनेला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाली, "हात लावू देतस नही ते नको लावू. तोंड ते कोनी बांधं नही ना तुनं? म्हन." त्या दिवसापासून पुढचा आवाज अक्काचा झाला.

म्हणून अक्कासाठी गाणं म्हणजे हौस नव्हती. देवीच्या खोलीत बसायची तिची तेवढी एकच चिठ्ठी होती. सवाष्णींना कानबाईचं बोलावणं हळदी-कुंकवाने जायचं. अक्काला कुंकू नाही, म्हणून तिच्या दारी भावकीतला कर्ता माणूस गुळाचा खडा घेऊन जायचा. गळ्यासाठी गूळ. वना आबा दरवर्षी तो द्यायला स्वतः जात, आणि अक्का तो पदरात घेताना अशी ताठ उभी राहायची की जणू तिलाच चौरंगावर बसवायचं आहे. मला हसू यायचं. आता येत नाही.

तर तो मोबाइल. मुलाने नवा घेतला आणि जुना आईला पाठवला, आपल्याकडे जुने सदरे पाठवतात तसा. काचेला तडा, बॅटरी फुगलेली, आणि आत मुलाने सोडलेल्या हजार गोष्टी. अक्काला दुपारी भजनं ऐकायची होती. भजन सुरू व्हायच्या आत मोबाइल अडकायचा, गरम व्हायचा आणि काळाठिक्कर पडायचा. ती तो माझ्या मशीनवर आणून आपटायची. "ज्योती, हाऊ मरी गया का वं?"

मी आमच्या योगराजला बोलावलं. योगराज म्हणजे तिच्या धाकट्या दिराचा मुलगा. धुळ्याला एका दुकानात मोबाइल दुरुस्त करतो, स्वभावाने वाईट नाही, हे मी आजही म्हणते. आमच्याकडचं बरंच वाईट अशाच वाईट नसलेल्या माणसांनी केलेलं आहे. तो ओट्यावर बसला, मोबाइल उलटासुलटा केला आणि म्हणाला, "अक्का, याना मा जागाच नही शे. हलकं ॲप टाकनं पडी."

"मी काय ते डोकावर लीसन हिंडनार शे? हलकं काय नि भारी काय!"

त्याने तिला समजावलं, आणि पुढची दुपार आमच्या ओट्यावर ॲपं बघण्यात गेली. एखाद्या घरी मुलगी बघायला यावं तशी अक्का पाय दुमडून बसली होती आणि योगराज एकेक पुढे करत होता. पहिलं आलं ते फार देखणं, रंगीबेरंगी. भजनाची पहिली ओळ झाली आणि मध्येच एक बाई गोरं करणाऱ्या क्रीमबद्दल बोलायला लागली. अक्काने हात झटकला. "काढ ती रांडले." दुसऱ्याला नेट लागायचं, आणि आमच्याकडे नेट गच्चीवर, तेही कोपऱ्यात. वर ते तिचा ईमेल विचारायला लागलं. तिसरं चाललं, पण उघडायलाच इतका वेळ घेई की अक्काने तेवढ्यात लसूण सोलून काढला. शिवाय ते गाण्याचा पहिला शब्द खायचं. योगराजला आणि मला ते कळलंही नव्हतं. अक्का म्हणाली, "तोंड उघडस नि मंग जागं व्हस हाई. गानं ते निंघी गयं."

शेवटी त्याने एक बारकंसं शोधून काढलं. चार एमबीचं. ना चित्रं, ना रंग, ना जाहिराती, नेटची गरज नाही. गाण्यांच्या नावांची एक यादी आणि खाली एक त्रिकोण. त्रिकोण दाबला की लगेच गाणं. तडा गेलेल्या त्या मोबाइलवरसुद्धा ते असं चाललं की आम्ही तिघंही एकमेकांकडे बघायला लागलो. अक्काने ते पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं. मग म्हणाली, "हाई चांगलं शे. मधमा तोंड घालस नही."

मधमा तोंड घालस नही. यापेक्षा मोठं कौतुक अक्काने आयुष्यात कोणत्या माणसाचं केलेलं मी ऐकलं नाही.

महिनाभर ती सुखात होती. मग योगराजच्या डोक्यात आलं की दुसऱ्यांची भजनं कशाला, अक्काचीच कानबाईची गाणी भरून ठेवू. भावकीत त्याने ते बोलून दाखवलं तेव्हा सगळे खूश. "सुनांले शिकाले व्हई," म्हणाले. वना आबांची एकच शंका होती. त्यांनी खास येऊन विचारलं की तुझ्या त्या मोबाइलात जाहिराती तर नाहीत ना. "कानबाईना समोर क्रीमनी जायरात वाजनी ते मी उठीसन निंघी जासू, सांगी ठेवस." योगराजने त्यांना ॲप दाखवलं. आबांनी चष्मा लावून ती रिकामी काळी पाटी बघितली आणि समाधानाने मान हलवली. विधवेचा हात चौरंगाला लागू नये, आणि देवीच्या कानावर जाहिरात पडू नये, अशी सोवळ्याची काळजी आमच्याकडे फार.

गाणी माझ्याच खोलीत भरली, कारण माझ्याकडे कोंबड्या नाहीत. पंखा बंद, मशीन बंद, खिडकी बंद. देवी घरात आणतानाच्या गाण्यापासून सुरू करून अक्का घामाने निथळत एकामागून एक म्हणत गेली आणि योगराज त्यांना नंबर देत गेला. अक्का एक, अक्का दोन. चुकलं की पुन्हा. जागरणात कधी कोणी पुन्हा म्हणू देत नाही. इथे दोनदा, तीनदा म्हणायला मिळत होतं, आणि तिला त्याची चटक लागली. पहिल्यांदा स्वतःला ऐकलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. "माय वं! मी अशी म्हनस?" मग दुसऱ्याच क्षणी, "आठे दम तुटना. काढ. परत म्हनस."

शेवटच्या गाण्याला मात्र ती अडली. निरोपाचं गाणं ती म्हणेना.

"आज नही म्हनता येस ते. माय अजून ऊनी नही, नि तिले जाय म्हनू?"

"अक्का, रेकॉर्डिंगच शे. माय थोडीच ऐकी राहिनी."

"तुले काय माहीत ती कोठे ऱ्हास?"

मीही तिच्याच बाजूने बोलले. पण योगराजचं म्हणणं, दहा भरली आणि अकरावं नाही तर सगळंच अपुरं. त्याने गोड बोलून, पाया पडून तिला तयार केलं. अक्का उठली, हातपाय धुतले, देवाकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटून म्हणाली. त्या गाण्यात लेक सासरी निघालेली असते आणि आई तिला वेशीपर्यंत जाऊन सांगते की आता मागे बघू नकोस. संपल्यावर तिने भिंतीला हात जोडले. भरलेल्या सगळ्या गाण्यांत ते सगळ्यात सुरेख उतरलं.

मग काय व्हायचं ते झालं. गाणी योगराजच्या मोबाइलवर गेली, त्याच्यावरून भावकीच्या ग्रुपवर, तिथून सुरतला, नाशिकला. अंगठ्यांचा पाऊस पडला. 'अक्का एक नंबर', 'अक्कांना सलाम'. मी ते तिला वाचून दाखवत होते आणि ती रागावल्यासारखं करत ऐकत होती. वना आबांचा नातू तर म्हणाला, अक्का आता फेमस झाली. एकाही माणसाच्या मनात हे आलं नाही की पिंजऱ्यातला पोपट बोलायला लागला तर जंगलातल्या पोपटाला विचारतो कोण. माझ्याही आलं नाही. सगळ्यांबरोबर मीही खूशच होते.

यंदा कानबाई योगराजच्याच घरी बसायची होती. आदला शनिवार आला. गल्लीत सारवण, रंग, भांडी घासणं चाललेलं. अक्काने सकाळीच डोक्यावरून पाणी घेतलं, धुतलेलं पांढरं-निळं लुगडं नेसली आणि दारात बसली. वना आबा येईपर्यंत ती दुसरं काम करत नाही, हे मला माहीत होतं. हळदी-कुंकवाचं ताट घेऊन योगराजची बायको भाविका माझ्याकडे आली, शेजारी गेली, पलीकडे गेली. अक्काच्या दारावरून गेली तेव्हा "जेवाले या बरं का अक्का" म्हणाली. अक्का म्हणाली, "हा." दुपार झाली, दिवस कलला. आबा आले नाहीत. अक्का तिन्हीसांजेला उठली, दिवा लावला. मला खिडकीत बघून म्हणाली, "म्हातारा भुली गया. वय व्हयनं त्यानं."

मी मनात म्हटलं, विसरलेच असतील. रविवारी सकाळी मी त्यांना गाठलंसुद्धा. "आबा, अक्काला गूळ गेला नाही." ते म्हणाले, "आते गूळनं काय काम? योगराजनी बठ्ठं मोबाइलमा भरी ठेयेल शे. तिले बी आराम." त्यांच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, हो. त्यांना खरोखर वाटत होतं की त्यांनी अक्कावर उपकार केले आहेत. कपट असतं तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. असल्या भलेपणाशी भांडायचं कसं?

संध्याकाळी योगराजच्या घरी गर्दी झाली. ओट्यावर मोठा स्पीकर, त्याला मोबाइल जोडलेला, आणि त्या मोबाइलात तेच चार एमबीचं ॲप. सुरतेच्या लोकांसाठी एक पोरगी दुसऱ्या मोबाइलवरून सगळं लाइव्ह दाखवत होती. मी सवाष्ण, म्हणून मी आत होते, हातात पूजेचं ताट होतं. देवी घरात आणायची वेळ झाली आणि योगराजने त्रिकोण दाबला. अक्काचा आवाज आला. स्पीकरला त्याने इको लावला होता, त्यामुळे तो देवळातून यावा तसा घुमत होता. अंगावर काटा आला. बायका एकमेकींना म्हणाल्या, "काय म्हनस ना!"

पहिलं गाणं संपलं. देवी उंबऱ्यात होती. दुसरं लागलं ते मला नीट ओळखू आलं नाही, रोटाच्या नैवेद्याचं असावं, पण बायकांनी सवयीने झेल घेतला. आणि देवी चौरंगावर टेकत होती, भाविका नथ सारखी करत होती, तेव्हा तिसरं सुरू झालं. पहिल्याच शब्दाला मी ते ओळखलं. माझ्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून म्हटलेलं ते गाणं होतं. जा बाई, मागे बघू नकोस.

त्या हलक्या ॲपला आकडे कळत नव्हते. एकनंतर दोन येतात हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी एकानंतर ज्यांची सुरुवात एकने होते ते सगळे आकडे, म्हणजे दहा, अकरा, आणि मग दोन. नंतर योगराजनेच मला ते समजावून सांगितलं. भजनं ऐकताना कोणाचं काही अडलं नव्हतं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी आजूबाजूला पाहिलं. कोणीही दचकलं नव्हतं. बायका झेल घेत होत्या. देवी येऊन बसते आहे आणि आम्ही सगळ्या तिला टाळ्या वाजवून घालवून देतोय, आणि एकीलाही कळत नाही! इतकी वर्षं आम्ही गाणी म्हणत नव्हतोच. शेवटच्या ओळी ओढत होतो.

मग अक्का आली. चार घरं सोडून तिच्या दारात तिला ते ऐकू गेलं होतं. ती अनवाणी, पदर सुटलेला, गर्दी हातांनी बाजूला सारत आली आणि ओट्यावरूनच ओरडली, "बंद कर! बंद कर ते पह्यले!"

योगराज घाबरून मोबाइलकडे धावला. गाणं थांबलं. भाविका म्हणाली, "काबरं अक्का? तुमनंच ते गानं शे."

"माय आते ऊनी शे, आजून टेकनी बी नही, नि तुम्ही तिले धाडी राहिनात! निरोपनं गानं शे हाई. कोनले समजत नही का एकीले बी?"

मी म्हटलं, "अक्का बरोबर बोलताहेत." पण माझा शब्द जळगाववालीचा. वना आबा पाटावरून म्हणाले, "गानं कानबाईनंच शे ना? मंग व्हयनं. तिले बठ्ठं समजस. आते मुहूर्त नका घालवा." योगराजचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "दोन मिनिट अक्का, नंबर सुधारी देस."

"काय कराना शेतस नंबर? मी उभी शे ना आठे. मी म्हनस."

आणि तिने सुरू केलं. बसवण्याचं गाणं. पण ती धावत आली होती, चिडलेली होती, आणि दोन दिवस तिच्या पोटात काय शिजत होतं ते तिलाच ठाऊक. पहिल्याच ओळीला आवाज फाटला. दुसऱ्या ओळीला दम पुरला नाही. ती थांबली, पुन्हा उचललं. नुकत्याच त्या घुमणाऱ्या आवाजानंतर तो खराखुरा आवाज फार बारीक वाटत होता, हे मी खोटं कशाला सांगू. लाइव्ह करणारी पोरगी कोणाकडे न बघता म्हणाली की सुरतेचे लोक लिहितायत, ऐकू येत नाहीये, गाणं लावा ना. आणि मागून कोणीतरी बाई, कोण ते मी अजून शोधते आहे, अगदी मायेने म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अक्का, कशाले तरास. मोबाइलमा तुम्ही जास्त गोड म्हनतस."

अक्का मध्यावर थांबली. तेवढ्यात योगराजचे नंबर सुधारून झाले होते. त्याने तिला हाताला धरून स्पीकरजवळच्या खुर्चीवर बसवलं आणि मोबाइल तिच्या मांडीवर ठेवला. तो चांगल्या मनानेच म्हणाला, "अक्का, तुमनाशिवाय कोनले माहीत नही कोनतं गानं कव्हय लावनं. तुम्ही फक्त बोट दाबा." अक्काने त्या काळ्या पाटीकडे पाहिलं. मग चौरंगावरच्या देवीकडे पाहिलं. आणि बोट दाबलं. ते देवीसाठी होतं, भावकीसाठी नव्हतं. तिचं गाणं तिच्या कानाशी मोठ्याने वाजत राहिलं, आणि ती तोंड मिटून ऐकत राहिली. देवी नीट बसेपर्यंत ती बसली. आरती सुरू झाल्यावर मोबाइल खुर्चीवर ठेवून ती कधी गेली ते मी पाहिलं नाही. पुरणपोळीचं ताट मी झाकून तिच्याकडे नेलं. "ठेव तठे," म्हणाली. मी भांडायच्या तयारीने गेले होते. भावकीला शिव्या देऊ, दोघी मिळून रडू. तिने मला दारातूनच परत पाठवलं.

सोमवारी सकाळी मिरवणूक निघाली. चौरंग माझ्याकडे होता काही वेळ, मग दुसरीने घेतला. हातगाडीवर स्पीकर, आणि आता खरोखर वेळ झालेली होती म्हणून निरोपाचं गाणं. आमच्याकडे कानबाई प्रत्येक दाराशी थांबते. अक्काच्या दाराशी थांबली. ती बाहेर आली, चौरंगापासून चार हात लांब उभी राहून तिने हात जोडले. बायकांच्या फुगड्या सुरू झाल्या. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

वना आबांची नवी नातसून मोहिनी त्याच सकाळी सुरतेहून उतरली होती. उन्हाळ्यात तिकडेच लग्न झालेलं, ही तिची पहिली कानबाई. फुगडी घालून धापा टाकत ती आमच्याशेजारी आली, स्पीकरकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी आलं होतं पोरीच्या. सबंध गल्लीत ते गाणं खऱ्या अर्थाने ऐकणारी तेवढी एकच. तिने वळून अक्कालाच विचारलं, "आजी, हाई म्हननारी बाई शे का आते?"

माझ्या ओठांवर आलं होतं. अक्काने माझं मनगट पकडलं, घट्ट.

"नही वं माय," ती म्हणाली. "गयी ती."

मोहिनी हळहळली. स्पीकरच्या दिशेने तिने हात जोडले आणि पुढे गेलेल्या बायकांच्या मागे पळाली. अक्काने माझा हात सोडला, आत गेली आणि दार लोटून घेतलं.